आखडत्या हाताचं काँक्रीट

आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मुफद्दीला मुलगा नव्हता, तीन मुलीच. म्हणून लोक त्याला थोरलीच्या नावानं हाक मारू लागले, अबू खुझामा, म्हणजे खुझामाचा बाप. आधी चिडवायला, मग सवयीनं. त्याला त्याचं काही वाटत नसे. मुफद्दी भ्यायचा तो एकाच गोष्टीला. कुणी आपल्याला कंजूष म्हणेल की काय, या भीतीनं त्याचा जीव कायम टांगलेला असायचा.

घरी पाहुणा आला की मनसफची परात मांडली जायची. खाली भात, वर मटण, त्यावर सुकवलेल्या दह्याचं कढण. मुफद्दी स्वतः घासही न घेता पाहुण्याच्या डोक्याशी उभा राहून वरून तूप ओतायचा. पाहुणा म्हणे, "पुरे रे बाबा!" हा ओततच राही. पाहुण्यानं परातीवर हात आडवा धरला, तर हातावर ओते. भाताचा लगदा व्हायचा, आणि तो लगदा दुसऱ्या दिवशी मुलींच्या वाट्याला यायचा. खुझामानं लहानपणी तो इतका खाल्ला की पुढे जन्मभर तिला तुपाचा वास नकोसा झाला.

रुजूम हे आमचं गाव मफरक शहराच्या पूर्वेला, काळ्या दगडांच्या माळावर आहे. इथे पेराल ते उगवत नाही आणि दगड मात्र न पेरता उगवतात. गावातली हुशार मुलं सैन्यात जातात, त्याहून हुशार शिक्षक होतात. खुझामा इर्बिदच्या विद्यापीठात जाऊन सामग्रीविज्ञान शिकली. म्हणजे लोखंड, काच, माती, सिमेंट यांच्या पोटात काय चालतं ते. गावानं विचारलं, "शिकून काय होणार?" मुफद्दी म्हणाला, "दगडांची डॉक्टर." गाव हसलं. दगडांना तोटा नव्हता, पेशंट भरपूर मिळतील म्हणाले.

काँक्रीटमध्ये सिमेंट जितकं जास्त तितकं चांगलं, हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक. खुझामा नेमकं उलटं शिकून आली. ती म्हणायची, सिमेंट म्हणजे गोंद. खडी मोठी, बारीक आणि त्याहून बारीक अशी नीट निवडून घातली की मोठ्या दगडांच्या फटीत छोटे बसतात, छोट्यांच्या फटीत वाळू बसते, आणि गोंदाला भरायला जागाच थोडी उरते. मग उगाच जास्त गोंद कशाला? शिवाय आमच्या टेकड्यांवर जो लालसर, जाळीदार, जुन्या ज्वालामुखीचा दगड पडलेला असतो, तो पिठासारखा दळून सिमेंटच्या जागी काही भाग घालायचा. सिमेंट पाण्यात भिजलं की त्यातून चुना सुटतो आणि नुसता पडून राहतो. हे पीठ त्या चुन्याला धरतं आणि त्याचाही गोंद करतं. मात्र सावकाश. असं काँक्रीट पहिल्या आठवड्यात कच्चं वाटतं, पण कमी तापतं, कमी आकसतं, म्हणून कमी तडकतं. सहा महिन्यांनी ते नुसत्या सिमेंटवाल्याच्या तोडीस तोड उभं राहतं, आणि पाणी झिरपू न देण्याच्या बाबतीत तर त्याच्याहून चिवट निघतं.

झर्कामधल्या एका काँक्रीटच्या कारखान्यात तिला प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे, मग यंत्राखाली घालून फोडायचे आणि किती जोर लागला ते लिहायचं. कशात काय किती घातलं तर ठोकळा कसा फुटतो, यातच तिची तरुणपणची वर्षं गेली. लग्न झालं नाही. दोन स्थळं आली, तिनं दोन्ही नाकारली, तिसरं आलंच नाही. तिनं सिमेंटचं प्रमाण उतरवलं तसा मालक खूश झाला. ट्रकचे ड्रायव्हर मात्र तिला पाठीमागे "चिक्कूबाई" म्हणायचे. हे नाव कुणीतरी रुजूमपर्यंत पोचवलं. मुफद्दीला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या घरात चिक्कू?

आणि मग टाक्याचं काम निघालं.

आमच्याकडे पाणी टँकरनं येतं. येईल तेव्हा येतं, आणि आलं की भरायला ज्याच्याकडे टाकं, तो राजा. अम्मानच्या एका धर्मादाय मंडळानं गावाला सिमेंट दिलं, एका मोठ्या टाक्यापुरतं. खुझामानं सुट्टी काढली, टेकडीवरचा दगड दळून आणला, ठोकळे पाडून पाहिले आणि गावच्या सहकारी संस्थेपुढे सांगितलं, "एवढ्याच सिमेंटमध्ये दोन टाकी होतील. एक इथे, एक वरच्या वस्तीला."

वरच्या वस्तीला टँकर चढत नाही. तिथल्या बायका गाढवावर डबे लादून पाणी नेतात. टाकं असलं तर हिवाळ्यातलं पावसाचं पाणी तिथेच साठलं असतं. म्हणून कुणाला नाही म्हणता येईना. संस्थेचा प्रमुख होता जदआन, मुफद्दीचा चुलतभाऊ. लहानपणापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहणारे, पण एकमेकांवाचून चहाही न पिणारे. जदआन म्हणाला, "कर बाई. आधी खालचं बांध. ते धरलं तर वरचं. नाही धरलं, तर उरलेलं सिमेंट घालून खालचंच नीट करू, आणि वरच्यांनी गाढवं सांभाळावी."

भिंती ओतायचा दिवस ठरला. आमच्याकडे ओतकाम म्हणजे लग्नच. मुफद्दीनं मेंढा कापला, सगळं गाव मदतीला लोटलं, मिक्सर घरघरायला लागले. खुझामा पाण्याच्या पिंपाजवळ खुर्ची टाकून बसली. तिला कारखान्यातला अनुभव होता. मिश्रण घट्ट वाटलं की मजूर गुपचूप पाणी ओततात, आणि पाण्यानं काँक्रीट मरतं. म्हणून एकही बादली तिच्या नजरेतून सुटली नाही. चोर या दारानं येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जदआन येऊन मिश्रणाकडे वाकून बघत मोठ्यानं म्हणाला, "पोरी, टाकं बांधतेस की चहा करतेस? पत्ती जपून, साखर जपून! अबू खुझामा, तुझ्या घरात असं कधी पाहिलं नव्हतं रे."

लोक हसले. खुझामाही हसली. मुफद्दी हसला नाही.

दुपारी मिश्रण तिच्या अपेक्षेपेक्षा घट्ट यायला लागलं. तिला वाटलं उन्हानं असेल. तिनं स्वतःच्या हातानं थोडं पाणी वाढवून दिलं. दुसऱ्या दिवशी साच्याच्या फळ्यांना हात लावला तर त्या चांगल्याच गरम. तेही तिनं उन्हाच्याच नावावर टाकलं. शिकलेल्या माणसानंही डोळे मिटायचे ठरवले की ऊन कामाला येतं.

सातव्या दिवशी तिनं त्या ओतकामाच्या मिश्रणातून पाडलेले ठोकळे झर्काला नेऊन फोडले. निकाल उत्तम आला. इतका उत्तम की तिनं यंत्राचा आकडा पुन्हा तपासला. तिच्या मिश्रणाला सातव्या दिवशी एवढी ताकद असायचं काही कारणच नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "अभिनंदन! आता तोंड का पाडलंस?" ती म्हणाली, "परीक्षेला न बसलेला मुलगा पहिला आलाय."

महिन्यानं टाकं भरलं. दोन दिवसांत बाहेरच्या भिंतीवर उभ्या ओल्या रेघा दिसल्या. मग रेघांतून पाणी पाझरायला लागलं. मुलं भिंतीला जीभ लावून पाहायला लागली. गावाला निवाडा करायला वेळ लागला नाही. सिमेंट कमी घातलं, फुटणारच. एक म्हातारी तर खुझामाला तोंडावर म्हणाली, "अगं, पाहुण्याला अर्धपोटी उठवलं तर तो शिव्या देणारच ना? भिंतीचंही तसंच." जदआननं जाहीर केलं, उरलेल्या सिमेंटनं हेच टाकं दुरुस्त करायचं. वरच्या वस्तीचा विषय संपला.

ती घरी येऊन बसली. आईनं, फिद्दानं, चहा पुढे केला आणि आपलंच रडगाणं लावलं, "टाक्याचं काय घेऊन बसलीस. माझ्या स्वयंपाकघराचं सिमेंट गेलं कुठे ते बापाला विचार. गोठ्यामागे पोती होती. मेंढा कापला त्या दिवसापासून दिसत नाहीत."

खुझामा चहाचा पेला तसाच ठेवून उठली. मुफद्दी गोठ्यात शेळ्यांना चारा टाकत होता.

"बाबा, आईची पोती कुठे गेली?"

"कुठली पोती?"

"बाबा."

त्यानं चाऱ्याचा भारा खाली ठेवला. "लोक जेवत होते. तू पाण्यावर डोळे लावून बसलेलीस. मी मिक्सरवाल्याला म्हटलं, हे टाक. तो ऐकेना, म्हणाला इंजिनियरबाईंना विचारतो. मी म्हटलं, बापाकडून मुलीला भेट आहे, विचारायचं काय त्यात?"

"भेट!"

"मग? जदआन काय बोलला ते ऐकलंस ना? चारचौघांत माझ्या मुलीचं काँक्रीट म्हणजे पातळ चहा! माझं नाक कापलं त्यानं. मी घरातलं दिलं, संस्थेचं एक मूठही घेतलं नाही. चांगलं व्हावं म्हणूनच दिलं ना, पोरी?"

"बाबा, जास्त सिमेंट जास्त तापतं. जास्त पाणी मागतं. मग आकसतं आणि तडकतं. मी बारा वेळा सांगितलं होतं तुम्हाला."

"तू सांगितलंस. मला वाटलं, तू कारखान्याच्या मालकासाठी बोलतेस. आपल्या घरच्या कामाला कशाला हात आखडता घ्यायचा?"

तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा तिला जास्त राग आला. "गावानं मला मूर्ख ठरवलं ते चालेल हो. तुम्हीसुद्धा मला चिक्कूबाईच समजत होतात. एवढी वर्षं!"

मुफद्दीनं चाऱ्याचा भारा पुन्हा उचलला. ती झर्काला निघून जायची तयारी करायला लागली. गावात तोंड उघडून बापाचं नाव घ्यायचं तिनं मनातही आणलं नाही. आमच्याकडे मुलगी असं करत नाही, आणि तिला करायचंही नव्हतं. वरच्या वस्तीच्या बायकांपुढे कसं जायचं, एवढंच तिला सलत होतं. त्यातल्या एकीनं टाक्याची जागा आधीच झाडून, दगड वेचून साफ करून ठेवली होती.

संध्याकाळी मुफद्दी नवा अंगरखा घालून दारात उभा राहिला. "चल. जदआनकडे जायचंय."

"कशाला?"

"तू बायकांत बस. तुला काही बोलायचं नाहीये."

जदआनच्या बैठकीत पाचसहा म्हातारे टेकून बसले होते. पडद्याआड बायका, त्यांत खुझामा. जदआननं रिवाजाप्रमाणे कडू कॉफीचा पेला भरून मुफद्दीच्या हातात दिला. मुफद्दीनं तो न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

टेकून बसलेले म्हातारे सरळ झाले. पाहुण्यानं कॉफी खाली ठेवली म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, आणि मागणं मान्य होईपर्यंत तो पिणार नाही. न पिता पाहुणा उठून गेला तर यजमानानं पुन्हा चारचौघांत मान वर करू नये. चुलतभाऊ चुलतभावावर हे हत्यार सहसा काढत नाही. जदआनचा चेहरा उतरला, पण शब्द जे यायचे तेच आले, "पी, अबू खुझामा. जे मागायला आलास ते दिलं."

मुफद्दीनं कॉफी पिऊन टाकली. "वरच्या वस्तीचं टाकं बांधायचं. माझ्या मुलीच्या प्रमाणानं. मूठभर कमी नाही, मूठभर जास्त नाही."

"अरे, डोकं फिरलं का तुझं? खालचं फुटलंय!"

"फुटलं नाही. मी फोडलं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. गोठ्यामागची पोती, जेवणाची वेळ, मिक्सरवाला. खाली मान घालून नाही, सरळ सगळ्यांकडे पाहत सांगितलं. "पोरीनं हिशोब केला होता, मी त्यात माझी इभ्रत ओतली. अति तिथे माती. तुम्ही तिला बोल लावलात. तो माझा आहे, मला द्या."

जदआननं कॉफीच्या किटलीशी उगाच चाळा केला. मग घसा खाकरून विचारलं, "किती पोती?"

"तीन."

"हं." पुन्हा किटली. "मी दोन टाकली होती."

"तू?"

"सकाळी. तुम्ही मेंढ्याच्या मागे होतात तेव्हा."

"अरे नालायका, तूच तर तिला चारचौघांत बोललास!"

"बोललो! बोलायला काय जातं? पण आपल्या रक्ताची पोर आहे. उद्या भिंत पडली असती तर लोक काय म्हणाले असते, जदआन नुसता बघत बसला? घरून आणली होती पोती, संस्थेची नाहीत, अल्लाशपथ!"

कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा इतका वेळ डोळे मिटून बसला होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, "माझं एकच होतं. तेही फाटकं."

बैठक हसून हसून लोळली. पडद्याआड बायकाही तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. फक्त खुझामा हसली नाही. अख्ख्या गावाची तिच्यावर माया होती, पण कुणाचा तिच्यावर विश्वास नव्हता. ती उठून बाहेर आली आणि अंगणात उभी राहिली. मागून मुफद्दी आला. म्हणाला, "चल, मिळालं टाकं." तिनं मान हलवली. दोघं घरी आली.

खालच्या टाक्याच्या भेगा तिनं बुजवून घेतल्या. वरच्या वस्तीच्या ओतकामाला तिनं एकच अट घातली. सिमेंटवर पहारा मुफद्दीचा. तो नको नको म्हणाला, "दुसरा कुणी बघ, मला नाही जमणार." ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही."

त्या दिवशी मुफद्दी काठी घेऊन पोत्यांच्या थप्पीसमोर बसला. जदआनची गाडी चढ चढून आली, मागे कडब्याचे भारे. मुफद्दी उठला, भारे उचकटले, खालून एक पोतं निघालं. "हे काय?" जदआन म्हणाला, "गाडीत नेहमी असतं, वजनाला." "मग वजन घेऊन परत जा." वरच्या वस्तीच्या बायकांनी, ज्यांच्यासाठी टाकं होतं त्यांनी, आपल्यातलं एक पोतं गाढवावर घालून आणलं. त्यांनाही त्यानं परत पाठवलं, आणि परत पाठवताना त्याचं तोंड असं झालं होतं की बायकांना त्याचीच दया आली.

दुपारी मिश्रण पाहायला तो एकदा मिक्सरपर्यंत गेला. खुझामाकडे बघितलं. म्हणाला, "पोरी, फारच रोडावलंय गं हे. अर्धं पोतं? अर्ध्यानं काय होतं?"

"नाही, बाबा."

"पसाभर?"

"नाही."

तो परत जाऊन बसला. शेवटची भिंत भरून होईपर्यंत त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, हे सगळ्यांनी पाहिलं.

वरच्या वस्तीच्या टाक्यातून अजून एक थेंबही गळलेला नाही. खुझामाचे केस आता पिकले, ती अजून झर्कालाच ठोकळे फोडते, आणि तिनं दिलेल्या प्रमाणानं मफरकच्या बाजूला पुष्कळ टाकी झाली. त्यांना कुणी तिच्या नावानं ओळखत नाही. वरच्या टाक्याला तर लोक 'मुफद्दीचं टाकं' म्हणतात. त्यानं राखलं म्हणून टिकलं, असा सगळ्यांचा समज आहे. ती तो समज खोडून काढत नाही.

मुफद्दी मात्र म्हातारपणी हे ऐकलं की चिडायचा. एकदा मफरकहून पाहुणा आला होता, जेवून तृप्त झालेला. त्यानं सहज विचारलं, "अबू खुझामा, त्या टाक्यात घातलंस तरी काय रे असं?"

"मी? मी काही घातलं नाही," मुफद्दी म्हणाला. "पोरीनं जन्मात एकदाच माझ्याकडे काही मागितलं, आणि तेवढंच द्यायला मला जड गेलं."